ब्रिटनच्या महायुद्धातल्या रेशनवर आजचं शाकाहारी मराठी घर महिनाभर चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडात राहणारं पाच जणांचं मराठी घर, नवराबायको, इयर सिक्समधली (दहा-अकरा वर्षांची) मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मुलीच्या शाळेत दुसऱ्या महायुद्धाचा टॉपिक चाललाय आणि तिने हट्ट धरलाय की महिनाभर आपण रेशनवर राहून बघू. सगळे शाकाहारी, अंडी चालतात. जमेल का, कुणाची आबाळ तर नाही ना होणार, आणि सुरुवात कुठून करायची.

जमेल. मी इथल्या शाळांमधून युद्धकाळातल्या स्वयंपाकाची वर्कशॉप्स बरीच वर्षं घेतेय आणि घरीही अधूनमधून महिना-महिना हा प्रकार करते, त्यामुळे बिनधास्त सांगते की उपाशी कोणी राहत नाही. पण बहुतेक लोक जिथे त्रास होईल म्हणून घाबरतात तिथे तो होत नाही आणि जिथे होतो तिथे त्यांचं लक्षच नसतं, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहिते.

पहिल्यांदा आकडे. रेशन ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं तेव्हा फक्त बेकन-हॅम, लोणी आणि साखर एवढ्यावरच होतं, मग मार्चमध्ये मांस आलं, जुलैत चहा आणि मार्जरीन, १९४१ मध्ये जॅम, चीज, अंडी, दूध, आणि १९४२ च्या जुलैत गोळ्या-चॉकलेटं. आकडे सारखे वरखाली व्हायचे त्यामुळे 'युद्धातलं रेशन' असा एकच तक्ता नाहीये, मी १९४२-४३ धरते कारण तोपर्यंत सगळी व्यवस्था बसली होती. मोठ्या माणसाला आठवड्याला साधारण २ औंस लोणी, ४ औंस मार्जरीन, २ औंस कुकिंग फॅट, ८ औंस साखर, २ औंस चहा, २-३ औंस चीज, ३ पाइंट दूध (हिवाळ्यात कधी दोनच), मिळालंच तर एक अंडं, आणि दोन महिन्यांना एक पौंड जॅम. औंस म्हणजे २८ ग्रॅम, पाइंट म्हणजे ५६८ मिली. मांसाचं रेशन वजनावर नव्हतं, किमतीवर होतं, माणशी १ शिलिंग २ पेन्सचं, पण ते तुम्हाला लागूच नाही. शाकाहारी लोकांनी मांस-बेकनचं रेशन सोडायचं आणि त्याबदल्यात जास्तीचं चीज घ्यायचं अशी रीतसर सोय होती. मी माणशी ८ औंस चीज धरते.

आता हे वाचून लोक 'अरे बापरे, दोन औंस लोणी' म्हणतात. पण हे तुमच्या पाच जणांच्या घराला गुणून बघा आणि मग बोला. साखर आठवड्याला १,१३५ ग्रॅम. फॅट सगळं मिळून तेवढंच, १,१३५ ग्रॅम. चीजही तेवढंच निघतं, हा निव्वळ योगायोग. सव्वा किलोला थोडी कमी साखर आठवड्याला लागते का हो आपल्या घरात? तीन मोठी माणसं दिवसाला चार-चार कप चहा चमचा-चमचा साखर घालून प्यायली तरी चारशे-सव्वाचारशे ग्रॅममध्ये आठवडा निघतो, उरलेल्या सातशे ग्रॅममध्ये शिरा, केक, लोणचं-मुरंबा काय हवं ते करा. चहाचंही तसंच. पाच वर्षांखालच्या मुलांना चहा नव्हता पण तुमच्या मुलीच्या नावावर होता, तो मोठ्यांनी प्यायचा, म्हणजे चार जणांच्या रेशनपुस्तकांवर आठवड्याला २२७ ग्रॅम पावडर. माणशी रोज दहा-अकरा ग्रॅम झाली, चार कप आरामात. सासूबाईंसाठी अजून एक खूशखबर, डिसेंबर १९४४ पासून सत्तरीवरच्यांना एक औंस जास्त मिळायला लागला, मी तरी तो द्यायच्या बाजूची आहे, दोन वर्षं इकडेतिकडे झाली म्हणून काही बिघडत नाही.

दुधाकडे बघा. तुमच्या घरात तीन रंगांची रेशनपुस्तकं येतील: मोठ्यांची बदामी, मुलीचं निळं, धाकट्याचं हिरवं. हिरवं पुस्तक पाच वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर-बाळंतिणींना असायचं आणि त्यांना रोज एक पाइंट दूध हक्काचं, शिवाय संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर ऑइल (माशाच्या यकृताचं तेल). निळ्याला रोज अर्धा पाइंट. म्हणजे मोठ्यांचे ९, मुलीचे साडेतीन, धाकट्याचे ७, एकूण साडेएकोणीस पाइंट. सुपरमार्केटात चार पाइंटची बाटली मिळते ना, त्या आठवड्याला पाच आणायच्या. रोज दीड लिटरच्या वर दूध झालं. चहा, दही, ताक, मुलांचे दोन ग्लास, सगळं बसतं. फक्त जाड साय येणार नाही कारण आजचं दुकानातलं दूध बहुतेक होमोजिनाइज्ड (साय वेगळी होऊ नये म्हणून एकजीव केलेलं) असतं, सायीचं लोणी काढायचा विचार असेल तर होमोजिनाइज न केलेलं दूध शोधावं लागेल.

तेल मात्र जरा नीट समजून घ्या. तिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. त्या वेळी स्वयंपाकाला बाटलीतलं तेल जवळजवळ नव्हतंच, ऑलिव्ह ऑइल केमिस्टकडे छोट्या बाटलीत मिळायचं, कानात घालायला. कुकिंग फॅट म्हणजे लार्ड (डुकराची चरबी) किंवा तत्सम घट्ट चरबी, आणि मार्जरीनमध्ये व्हेलचं तेलही असायचं, तेव्हा शुद्ध शाकाहारी इतिहास जगायच्या भानगडीत पडूच नका. लोक हौसेने दुकानातून मार्जरीन म्हणून जो डबा आणतात तो आजकाल 'स्प्रेड' असतो, त्यात निम्मं-अर्धं पाणी, फोडणीत टाकलं की तडतडून अंगावर उडतं आणि मोहरी तडतडतच नाही. मी सरळ हिशोब करून तेल घेते. जुन्या मार्जरीनमध्ये साधारण ८० टक्के फॅट, म्हणजे तुमच्या ५६७ ग्रॅम मार्जरीनचं झालं अर्धा लिटर तेल, कुकिंग फॅटचं झालं तीनशे मिली. आठवड्याला आठशे मिली तेल आणि वर २८५ ग्रॅम लोणी. महिन्याला सव्वातीन लिटर तेल आणि एक किलोवर लोणी! माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत एवढं लागत नाही. लोणी एकत्र करून रविवारी कढवा, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघेल, बरणीवर पट्टी चिकटवून आठवड्याच्या सात खुणा करा, आणि भांड्याला चिकटलेली बेरी टाकू नका, त्यातच कणीक मळून दोन पोळ्या लाटायच्या, मुलं भांडतात त्यावरून. तळण मात्र महिन्यात एकदाच, कारण कढईत अर्धा लिटर ओतलं की अर्ध्याहून जास्त आठवडा गेला, आणि उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीपासून भाज्यांना वापरून संपवायचं.

मग त्रास कशाचा? त्रास पाकिटांचा. हे आकडे वाचताना आपण आपल्या स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याशी आणि तेलाच्या बाटलीशी तुलना करतो आणि म्हणतो की हॅ, यात काय, पण युद्धातल्या इंग्रज बाईकडे घरात येणारी जवळजवळ सगळी साखर आणि सगळं फॅट एवढंच होतं. आपल्याकडे बिस्किटात साखर आणि फॅट आहे, सीरियलमध्ये आहे, केचपमध्ये आहे, दह्याच्या फ्लेवरवाल्या कपात आहे, फ्रोजन पराठ्यात आहे, शेव-चिवड्याच्या पाकिटात तर विचारूच नका. ते कुठल्याच डब्यात दिसत नाही. म्हणून नियम एकच करा, पाकिटातलं जे काही येईल ते पॉइंट्सवर. आणि हा नियम मी बनवलेला नाही, तेव्हाचाच आहे.

पॉइंट्सची पद्धत १ डिसेंबर १९४१ ला आली आणि मला विचाराल तर अख्ख्या व्यवस्थेतला सगळ्यात हुशार भाग तोच. प्रत्येकाला चार आठवड्यांना १६ (नंतर बहुतेक काळ २०) पॉइंट्स, पैसे तर द्यायचेच पण वर पॉइंट्सही, आणि ते डबाबंद वस्तू, सुका मेवा, कडधान्यं, तांदूळ, सीरियल, बिस्किटं यातल्या कशावरही, कुठल्याही दुकानात खर्च करायचे. कुठल्या वस्तूला किती पॉइंट्स हे सरकार माल बघून बदलायचं. सुरुवातीच्या १६ पॉइंट्समध्ये मासळीचा किंवा मांसाचा एक चांगला डबा यायचा, नाहीतर २ पौंड सुका मेवा, नाहीतर ८ पौंड वाटाण्याची डाळ. आता परत वाचा ते. आठ पौंड! म्हणजे माणशी साडेतीन किलोवर डाळ. तुमच्या पाच पुस्तकांवर सगळे पॉइंट्स डाळीवर उडवले तर महिन्याला अठरा किलो डाळ येईल, ठेवायला डबे पुरणार नाहीत. इंग्रज बाई बिचारी सामन माशाच्या डब्यापुढे उभी राहून उसासे टाकायची आणि डाळीला नाक मुरडायची, आणि आपलं रोजचं जेवणच तिथे स्वस्तात पडलेलं. निम्मे पॉइंट्स डाळीवर खर्च करा, मसूर आणि पिवळी वाटाणा डाळ घ्या, तूर नाही. वाटाण्याची डाळ रात्रभर भिजवली आणि कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त दिल्या की वरण झकास होतं, फक्त घट्ट होत जातं म्हणून पाणी सढळ हाताने. पहिल्या आठवड्यात प्रमाण कमी ठेवा, पोटाला सवय नसेल तर गॅस धरतो.

उरलेल्या निम्म्यात थोडा तांदूळ, एखादं मनुक्याचं पाकीट, सासूबाईंना चहाबरोबर लागत असतील तर बिस्किटं. ज्या वस्तूचे तेव्हाचे पॉइंट्स सापडत नाहीत तिला तुम्हीच ठरवून टाका, परदेशातून येणारी आणि डब्यातली महाग, इथे पिकणारी आणि सुकी स्वस्त. मुलीला त्याची खातेवही करायला द्या, हे काम त्या वयाची मुलं आपल्यापेक्षा काटेकोरपणे करतात, वडिलांनी गुपचूप खाल्लेलं क्रिस्प्सचं पाकीटसुद्धा पकडतात.

तांदळाबद्दल मात्र वाईट बातमी आहे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला, आणि हा फटका नुसता इंग्लंडला नव्हता, मुंबईलाही बसला, मुंबईत १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग आलं त्यामागे ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद होणं हे एक मोठं कारण होतं. तुमच्या सासूबाईंनी त्यांच्या आईकडून रेशनच्या रांगांच्या गोष्टी ऐकल्या असतील तर त्या मुलीला जरूर सांगायला लावा, कारण दोन्हीकडचा फरक तिला कळायला हवा. इंग्लंडात पोट भरायचं अन्न, म्हणजे पाव आणि बटाटा, युद्ध संपेपर्यंत रेशनवर आलंच नाही, पावावर रेशन आलं ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये. मुंबईत रेशन होतं ते पोट भरायच्या धान्यावरच. आणि बंगालमध्ये त्याच १९४३ साली लाखो माणसं भुकेने मेली, त्याच साम्राज्यात. शाळेत मुलं व्हिक्टरी गार्डनची चित्रं काढतात, गाजराचे पोस्टर रंगवतात, छान आहे, पण आपल्या घरात हे प्रोजेक्ट होत असेल तर ही बाजूही यायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तर भात पाच जणांना महिन्याला एक किलो धरा, म्हणजे आठवड्यातून एखाद-दोन वेळा. सासूबाईंना रात्री वरणभाताशिवाय झोप येत नसेल तर बार्ली वापरा, आपलं सातूच ते, इथे पर्ल बार्ली म्हणून मिळतं. चार तास भिजवून कुकरला लावलं की मऊ होतं, वर वरण-तूप घातलं की पहिल्या दोन दिवसांनंतर तक्रार येत नाही. भाताची चव नाही येत, उगाच खोटं कशाला सांगू, पण खिचडी मात्र बार्लीची चांगली लागते. सकाळी जाड दळलेल्या ओटमीलचा उपमा. ओट्स खा म्हणून सरकारच मागे लागलेलं असायचं.

पोळीच्या बाबतीत आपण एकदम मजेत. १९४२ मध्ये पांढरा पाव बंद करून नॅशनल लोफ आणला, ८५ टक्के पीठ म्हणजे गव्हाचा बराचसा भाग आणि थोडा कोंडाही त्यातच, करड्या रंगाचा, लोकांना अजिबात आवडायचा नाही. आपली कणीक त्याच्याहूनही जाड. रोज पोळ्या करा, मोजू नका, जेवढ्या लागतील तेवढ्या. मुलीच्या डब्यात पोळीचा रोल, आत बटाट्याची भाजी नाहीतर चीज-गाजर किसून, तिच्या शाळेलाही काही वेगळं वाटणार नाही.

भाज्या रेशनवर नव्हत्या, पण जे इथे पिकतं आणि ज्या ऋतूत पिकतं तेच. बटाटा, गाजर, कोबी, फ्लॉवर, बीट, पालक, केल, स्वीड (शलगमासारखा मोठा पिवळा कंद), पार्सनिप, लीक. वांगी, भेंडी, सिमला मिरची, नारळ, केळी हे सगळं विसरा, केळी तर १९४० च्या शेवटापासून दिसेनाशीच झाली. टोमॅटो फक्त उन्हाळ्यात. लिंबू नाही. आणि कांदा. कांद्याचं दुःख काय सांगू तुम्हाला. तो यायचा फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून आणि चॅनल बेटांवरून, १९४० मध्ये दोन्ही जर्मनांनी घेतली आणि कांदा असा गायब झाला की ऑफिसात रॅफलमध्ये बक्षीस म्हणून कांदा ठेवायचे. पाच जणांच्या मराठी घरात खरी परीक्षा ही आहे, साखर-लोण्याची नाही. मी आठवड्याला एक कांदा एवढीच सूट देते, तोही कच्चा, थालीपिठाबरोबर खायला. फोडणीत लीक घाला, बारीक चिरून मंद आचेवर परतलं की कांद्याचं काम नव्वद टक्के होतं, पांढरा भाग आधी आणि हिरवा नंतर, आणि थरांमध्ये माती असते म्हणून उभं चिरून नळाखाली धरायचं. लसणाची कसर वसंतात जंगली लसणाच्या पानांनी भरून काढता येते पण ओळख पटत असेल तरच तोडा, तशीच दिसणारी विषारी पानं त्याच जागी उगवतात, पान चुरगळल्यावर लसणाचा वास आला पाहिजे.

आंबटपणासाठी चिंच-कोकम नाही, मग काय? रुबार्ब. हे मला एका वर्कशॉपला आलेल्या गुजराती आजींनी शिकवलं आणि तेव्हापासून मी रेशन नसतानाही करते. मसूर डाळीच्या आमटीत रुबार्बचा वीतभर देठ बारीक चिरून घालायचा, पाच मिनिटांत विरघळतो, चमचाभर साखर लागतेच कारण आंबट जहाल असतो, गोडा मसाला असेल तर तुम्ही न सांगता कोणाला कळणार नाही की चिंच नाहीये. फक्त देठ हं, पानं विषारी असतात. रुबार्बचा सीझन नसेल तेव्हा ब्रॅमली सफरचंद, ते तर हिवाळाभर टिकतं. मसाल्यांवर रेशन नव्हतं, माल कमी यायचा एवढंच. मोहरी इंग्लंडातच पिकते, नॉरिच तर मोहरीसाठीच प्रसिद्ध आहे, तेव्हा फोडणीबद्दल कुणाचं ऐकून घेऊ नका. हळद-जिरं-तिखट घरात आहे ते वापरा, नवीन आणू नका, असा माझा नियम. कोथिंबीर आणि मेथी खिडकीत कुंड्यांत लावा, 'डिग फॉर व्हिक्टरी' (घरीच भाज्या पिकवा ही तेव्हाची सरकारी मोहीम) तुमच्या घरापुरतं झालं.

वूल्टन पाय करायचा का असं मुलगी विचारेलच, शाळेत सगळ्यांना तेच शिकवतात. लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री होते १९४० ते ४३ आणि सॅव्हॉय हॉटेलच्या शेफने तो बनवला. बटाटा, गाजर, स्वीड, फ्लॉवर ओटमीलमध्ये शिजवायचं आणि वर बटाट्याचं किंवा कणकेचं झाकण. एकदा करा, करायलाच हवा. मीठ-मिऱ्यावर तो अगदी पुचाट लागतो, त्याच भाज्यांना हिंग-मोहरीची फोडणी आणि थोडं तिखट टाकलं आणि वर किसलेलं चीज घातलं की चट्टामट्टा होतो. त्याहून सोपं म्हणजे बटाटा-गाजर-लीकचं थालीपीठ, कणीक आणि ओटमील निम्मं निम्मं, त्यात दोन चमचे किसलेलं चेडर. चेडरच घ्या, तेव्हा बहुतेक सगळं चीज एकाच पद्धतीचं चेडर असायचं. पनीर करायला बसू नका, लिटरभर दुधाचं मूठभर पनीर होतं आणि मग दोन दिवस चहाची बोंब.

अंडी: ताजं माणशी एक, धाकट्याला दोन धरा. वर दर चार आठवड्यांना माणशी एक पाकीट अंड्याची पावडर, अमेरिकेहून यायची, १९४२ पासून, एका पाकिटात बारा अंडी. ऑनलाइन मिळते आजही. एक सपाट टेबलस्पून पावडर, दोन टेबलस्पून पाणी, गुठळ्या मोडून पाच मिनिटं ठेवायची. नुसतं ऑम्लेट रबरासारखं होतं, भुर्जी मात्र चालून जाते आणि केकमध्ये तर काही फरक कळत नाही. पावडर नको असेल तर तेवढी ताजी अंडी आणा, त्यासाठी कोणी तुम्हाला पकडायला येत नाही.

आबाळ होईल का याचं उत्तर तुम्हाला दोन शास्त्रज्ञांनी देऊन ठेवलंय. केंब्रिजचे रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन यांनी युद्धाच्या सुरुवातीलाच स्वतःवर आणि काही सहकाऱ्यांवर प्रयोग केला. प्रत्यक्षात आलं त्याहून कडक रेशन, आठवड्याला एक अंडं, लोणी अजिबात नाही, दूध रोज पाव पाइंट, आणि पाव-बटाटे-भाज्या हव्या तेवढ्या. तीन महिने असं खाऊन ती मंडळी भर हिवाळ्यात लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात चढउतार करायला गेली, आपली ताकद कमी झालीय का बघायला. झाली नव्हती. तक्रारी दोनच, एवढा कोंडा आणि बटाटा चावायला फार वेळ लागतो आणि पोटात वारा धरतो. त्यांनी एक गोष्ट हेरली की दूध-चीज कमी आणि कोंडा जास्त असेल तर कॅल्शियम कमी पडू शकतं, त्यातून पिठात कॅल्शियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात झाली आणि इथल्या पांढऱ्या पिठात ते आजही मिसळलं जातं. विडोसनबाई त्यानंतर नव्वदी पार करून २००० साली गेल्या.

तरी दोन माणसांना सूट द्या. तीन वर्षांच्या मुलाला कुठलाही प्रयोग नको, त्याचं दूध, फळं, त्याला आवडतं ते तसंच चालू ठेवा, हिरव्या पुस्तकाच्या नावाखाली सगळं बसतं. सासूबाईंना डायबेटिस किंवा किडनीचं काही असेल, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर बटाटा आणि पालेभाज्या एकदम वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. कॉडलिव्हर ऑइल शाकाहारी घरात नको, इथे हिवाळ्यात व्हिटॅमिन डीची गोळी घ्या सरळ.

बाहेरच्या खाण्याचं विचारलंत तर गंमत अशी की हॉटेलात कूपन लागायचं नाही. श्रीमंत लोक त्याचा फायदा घेतात म्हणून ओरड झाली आणि १९४२ मध्ये बिलाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली. कामगारांना कँटीन आणि सरकारी 'ब्रिटिश रेस्टॉरंट'मध्ये स्वस्त जेवण मिळायचं. त्यामुळे ऑफिसच्या कँटीनमध्ये नवऱ्याने आठवड्यातून एकदा जेवायला हरकत नाही, पण टेकअवे नाही, आणि घरी आल्यावर मुलीसमोर काय खाल्लं ते खातेवहीत लिहायचं. अन्न टाकून देणं तर १९४० पासून गुन्हाच होता, पक्ष्यांना पाव टाकला म्हणून दंड झाल्याचं उदाहरण आहे. शिळ्या पोळ्यांचा फोडणीचा कुस्करा आणि मलिदा आपल्याला कोणी शिकवायला नको.

वेळ मात्र जातो, हे आधीच सांगून ठेवते. फ्रोजन नाही, डबे नाहीत, रोज सोलणं-चिरणं, आणि हे सगळं एकट्या बाईच्या डोक्यावर पडलं तर दहाव्या दिवशी प्रकल्प बंद पडतो, मी बघितलंय घरोघरी. सोलायचं काम नवऱ्याकडे, किसायचं मुलीकडे. सालं तशीही काढायची नाहीत, बटाटे सालीसकट शिजवा असाच तेव्हाचा आग्रह होता. डाळ-कडधान्यासाठी हे-बॉक्स करून बघा, म्हणजे पातेलं खळखळ उकळायचं आणि गवत भरलेल्या पेटीत (आपण जुनी गोधडी घेऊ) गच्च गुंडाळून ठेवायचं, चार तासांत आपल्या वाफेवर शिजतं. राजमा यात थेट टाकू नका, तो आधी किमान दहा मिनिटं जोरात उकळलाच पाहिजे, आणि बाहेर काढल्यावर परत एकदा उकळी आणून मगच वाढा.

महिन्यात कोणाचा वाढदिवस येत असेल तर आधीच्या आठवड्यांत साखर-लोणी बाजूला टाकत जा. गाजर किसून घातलेला केक करा, बिनअंड्याचा हवा असेल तर खायचा सोडा आणि चमचाभर व्हिनेगर. वर आयसिंग नाही, १९४० मध्ये त्यावर बंदी आली आणि लग्नाच्या केकवर लोक पुठ्ठ्याचा पांढरा डोलारा ठेवायचे, तो पुठ्ठा बनवायला मुलीला इतकी मजा येईल की केकपेक्षा त्याचेच फोटो जास्त निघतील.

सुरुवात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा भाज्या, सफरचंदं, शेवटचे टोमॅटो सगळं असतं. एप्रिल-मेच्या सुमाराला हिवाळ्याचं संपलेलं आणि उन्हाळ्याचं आलेलं नसतं, कोबी आणि जुना बटाटा एवढ्यावर पहिल्यांदाच करणाऱ्याचं मन उडतं. शाळेचा टॉपिक आत्ताच असेल आणि थांबता येत नसेल तर आधी एकच आठवडा करा. रविवारी एकाच दुकानातून सगळं आणा, कारण तेव्हाही आपापल्या नोंदवलेल्या दुकानातूनच घ्यावं लागायचं, लोणी-साखर-चहा-चीज पाच जणांचं एकत्र मोजून वेगळ्या डब्यांत भरा, आणि घरातल्या बाकीच्या बरण्या-पाकिटं एका खोक्यात घालून माळ्यावर टाका. बिस्किटांचं खोकं सगळ्यात मागे.